बग्गीला पाजलेलं पाणी

बग्गी बंद पडली की सासरे हॉर्न वाजवत नसत, हाक मारत. हॉर्नला बॅटरी लागते, आणि बॅटरीचंच तर सगळं रडगाणं होतं. केळींच्या पलीकडून, विहिरीच्या अंगाने, "सुनबाय" अशी एकच लांब हाक यायची. मग मी तव्यावरची पोळी तशीच सोडून, गॅस बंद करून, चपला शोधत वाडीत धावायचे. तिथे ते बग्गीत ताठ बसलेले असत, आणि चेहऱ्यावर भाव असा, की बग्गी मीच बंद पाडली आहे.

"चालत नाय," म्हणायचे.

"दिसतंय," मी म्हणायचे.

मग मी आणि फुलं तोडायला येणारी बाई, अशा दोघी मिळून ती बग्गी मागून ढकलत घरापर्यंत आणायचो. सासरे खाली उतरायला तयार नसत. डॉक्टरांनी उंचसखल जमिनीवर चालू नका असं सांगितलंय, हे त्यांना नेमकं त्याच वेळी आठवायचं. एरवी डॉक्टरांचा एक शब्द त्यांनी कधी ऐकला नाही.

ही बग्गी म्हणजे गोल्फ खेळायच्या मैदानावर फिरते ना, तीच. बॅटरीवर चालणारी, चार चाकांची, वर झालर लावलेलं छप्पर. किनाऱ्यावरचं एक रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा तिथलं सामान विकायला काढलं होतं, त्यात माझ्या नवऱ्याला ही सापडली. तिच्या पाठीवर नारळाच्या झाडाचं चित्र होतं आणि पाहुण्यांचं स्वागत करणारी इंग्रजी अक्षरं अर्धी उडालेली होती. वसईजवळच्या आमच्या होळी गावात ती टेम्पोतून उतरली त्या दिवशी अर्धं गाव बघायला आलं. सासऱ्यांनी मात्र तिच्याकडे पाहून फक्त "हिला शिंगं कुठे हायत?" एवढंच विचारलं.

बग्गी आणायचं कारण सरळ होतं. सासरे पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्यानंतर काठी घेऊन ओटीपर्यंत येणं जमायचं, पण वाडीतून बांधाबांधाने फिरणं संपलं. आणि वाडीतली रोजची फेरी हाच तर त्यांचा दिवस होता. घराच्या मागून निघायचं, केळी बघायच्या, जास्वंदीच्या रांगेत कुठे कीड पडलीय का पाहायचं, पाटाचं पाणी कुठे फुटलंय का बघायचं, आणि शेवटी विहिरीपाशी सासूबाईंनी लावलेल्या मोगऱ्याजवळ थांबायचं. कळी असेल तर एक तोडून खिशात घालायची आणि घरी येऊन सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवायची. त्या गेल्यापासून हे असंच चाललं होतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवलं आणि सांगितलं, "माझी फेरी बंद पडली की वाडी तुमची. ठेवा नायतर विका." धाकटा दीर ठाण्याला फ्लॅटमध्ये राहतो. त्याला त्या वाक्यातला शेवटचाच शब्द ऐकू आला. माझ्या नवऱ्याला वाडी विकायची नव्हती, पण वाडी करायचीही नव्हती. तो सकाळी कामाला मुंबईला जातो तो संध्याकाळी परततो, आणि रविवारी त्याला झोपायचं असतं. त्याने त्यातून मार्ग काढला तो हा, बग्गीचा. म्हणजे आता ती वाडी राहणार की जाणार, हे एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या जुन्या गाडीवर येऊन ठेपलं.

माझं मत कोणी विचारलं नाही. सुनेला कोण विचारतं? म्हणून इथे सांगते. मी माणदेशातली. आमच्याकडे पाणी टँकरने यायचं, आणि टँकर आला की घागरी घेऊन धावताना मी गुडघे फोडून घेतलेत. माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझे वडील इथे स्थळ बघायला आले. या गावच्या जुन्या लोकांत सोयरे आले की त्यांना आधी विहिरीवर नेतात आणि पाणी पाजतात, चहा नंतर. घरातली माणसं कशी आहेत ते कळायला वर्षं लागतात, पाणी लगेच कळतं, असं म्हणतात. माझ्या वडिलांनी ओंजळीने पाणी प्यायलं, डोळे मिटले आणि पुन्हा ओंजळ भरली. मुलगा काय करतो हे विचारायच्या आधीच त्यांनी मनात मला देऊन टाकलं होतं. त्या विहिरीपायी मी या घरात आले, असं म्हटलं तरी चालेल. मला ती वाडी हवी होती.

तर बग्गी. सुरुवातीचे महिने ती गुमान चालली. मग पाटावरचा छोटा चढ चढताना दम लागल्यासारखी हळू व्हायला लागली. मग पूर्ण चार्ज केली तरी विहिरीपर्यंत जायची आणि परत यायची नाही. आणि मग असं व्हायला लागलं, की पाय ठेवला की आतून "टक" असा आवाज येतो आणि गाडी जागची हलत नाही.

वसईहून इलेक्ट्रिशियन आणला. तो रिक्षांची कामं करायचा. त्याने सीट उचलली, खाली ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या पाहिल्या, आणि तो "टक" आवाज ऐकून म्हणाला की तो आवाज ज्या डबीतून येतो ती डबीच गेलीय, ती सोलेनॉइड असते, ती बदलावी लागेल. बदलली. गाडी झोकात चालली. सासऱ्यांनी त्याला केळीचा घड दिला. आठवडाभरात पुन्हा हाक आली, "सुनबाय." त्याला फोन केला तर म्हणाला, मग चावीचं स्विच असेल. ते बदललं. मग म्हणाला, मॅडम, मोटार खोलावी लागेल. मी म्हटलं, आधी तुझं डोकं खोलून बघू या का? त्यानंतर तो माझा फोन उचलेनासा झाला.

मग ज्या कंपनीची गाडी त्या कंपनीच्या माणसाशी व्हिडिओ कॉल. तो हिंदीत बोलायचा, भला होता, पण त्याला दिसायचं ते माझ्या हातातल्या मोबाइलमधून, आणि वाडीत रेंज येते ती फक्त चिंचेखाली. मी सीटखाली डोकं घालून, तो "लाल वायर दिखाइए" म्हणणार, मी दाखवणार, तेवढ्यात चित्र गोठणार. सासरे बाजूला काठीवर हनुवटी टेकून बसून राहायचे. एकदा मला म्हणाले, "त्याला सांग, इथे येऊन जेव, मग बघ." मला हसू आलं नाही. माझ्या ब्लाउजच्या पाठीला घाम चिकटला होता, आणि शाळेच्या पेपरांचा गठ्ठा तपासायचा राहिला होता.

मी चंदनसारला शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांना विद्युतधारा शिकवते आणि घरची गाडी मला चालू करता येत नाही, हे मला खुपत होतं. शेवटी मी मल्टिमीटर विकत आणला. एकेक बॅटरी मोजली. गाडी उभी असताना सगळ्यांचा आकडा बरा. पाय ठेवला, भार आला, की मधल्या दोन-तीन एकदम खाली बसायच्या. म्हणजे "टक" वाजणारी डबी बरी होती, चावी बरी होती, मोटार बरी होती. इतके दिवस सगळ्यांनी साप साप म्हणून भुई धोपटली होती. दोष बॅटऱ्यांत होता.

बॅटऱ्यांच्या खुंट्यांवर हिरवट-पांढरा थर जमला होता. खायचा सोडा गरम पाण्यात कालवून मी जुन्या टूथब्रशने तो घासला, तो फसफसून निघाला, वायरी घट्ट आवळल्या, वर व्हॅसलीन चोळलं. दोन दिवस गाडी चालली. पुढच्या आठवड्यात थर पुन्हा आलेला. घासला. पुन्हा आला. मी वैतागले. स्वयंपाकघरातला सोडा संपला, ढोकळा करायचा राहिला, आणि नवऱ्याने रविवारी झोपेतून उठून विचारलं, "पाणी बघितलंस का बॅटऱ्यांचं?" उंटावरचा शहाणा. पाणी सगळ्यांनी बघितलं होतं. इलेक्ट्रिशियनने बघितलं, व्हिडिओवरच्या माणसाने बघितलं, मी बघितलं. टोपण उघडलं की आत काठोकाठ पाणी. इलेक्ट्रिशियनने तर कौतुक केलं होतं, की लोक बॅटऱ्या कोरड्या मारतात, तुमच्याकडे पाणी कधी कमी नसतं.

सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता. एक म्हणाला लिंबू-मिरची बांधा. एक म्हणाला, त्यापेक्षा बैल परवडला, निदान बंद पडला तर शेण तरी देतो. आणि त्यातच एका रविवारी ठाण्याहून दीर आला. बग्गी ओटीसमोर मेल्यासारखी उभी होती, मी सीट उचलून आत डोकं घातलं होतं, हात काळे झाले होते. त्याने चहा प्यायला, बग्गीच्या चाकाला बुटाने हलकेच डिवचलं आणि वडिलांना म्हणाला, "बाबा, आता पुरे. फेरी तर बंदच आहे ना?"

मी म्हटलं, "फेरी बंद नाही, गाडी बंद आहे. दोन्हींत फरक असतो." तो हसला आणि म्हणाला, वहिनी, तुमचा जीव उगाच अडकलाय. मला त्याचा इतका राग आला, की हातातला पाना मी बग्गीच्या पत्र्यावर आपटला आणि नारळाच्या चित्राला खोक पडली. बॅटऱ्या जुन्या रिसॉर्टच्या होत्या, वय झालं असेल, नव्या घेऊ, असं मी जाहीर करून टाकलं. नवऱ्याने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. नव्या बॅटऱ्या स्वस्त नसतात. पण मनात एक गोष्ट सलत होती. बॅटऱ्यांचं वय झालं असतं, तर सगळ्या मिळून हळूहळू म्हाताऱ्या झाल्या असत्या. या तर आजारी पडल्या होत्या.

त्या आजाराचं कारण मला दुसऱ्याच दिवशी दुपारी दिसलं. शाळा लवकर सुटली होती. मी मागच्या दाराने आले तर सासरे बग्गीपाशी काठी टेकून उभे. सीट उचललेली. हातात त्यांचा तांब्या, आणि एकेका बॅटरीचं टोपण काढून ते त्यात पाणी ओतत होते. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. रहाटाला बैल होता तेव्हा संध्याकाळी त्याला पाणी दाखवताना ते असंच पुटपुटत असत, असं सासूबाई सांगायच्या.

मी ओरडलेच. "बाबा, काय करताय?"

ते दचकलेसुद्धा नाहीत. "पानी पाजतो. दमते ती."

पहिल्यांदा बग्गी आली तेव्हाच मी त्यांना बॅटरीच्या पाण्याचा कॅन आणून दिला होता. दुकानात मिळतं ते, डिस्टिल्ड वॉटर. महिन्यातून एकदा, लागेल तेवढंच घालायचं, हे दहादा सांगितलं होतं. मी पडवीत जाऊन फळीवर बघितलं. कॅन तिथेच होता, वर धुळीचा थर. सील तोडलेलंही नव्हतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून सासरे विहिरीचं पाणी बॅटऱ्यांना पाजत होते. रोज. काठोकाठ. भरून वर सांडेपर्यंत. मी महिनाभर सोडा घालून जे घासत होते ते या प्रेमापोटी.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. बॅटरीत साधं पाणी घालत नाहीत, हे रिक्षावाल्यालाही कळतं, असं म्हटल्याचं आठवतं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, साधं कुठे आहे, आपल्या विहिरीचं आहे. दुकानातलं पाणी कोणी कुठे भरलं ते देव जाणे. आपलं पाणी म्हणजे नुसतं पाणी, त्यात दुसरं काही नाही. तुझा बाप पिऊन गेलाय, त्याला विचार.

माझे वडील आता नाहीत. त्यामुळे मला आणखीच राग आला. मी म्हटलं, थांबा, दाखवते.

नववीला मी दर वर्षी एक प्रयोग करते. चौकोनी सेल, दोन वायरी आणि एक छोटा एलईडी दिवा. वायरींची टोकं पाण्यात बुडवायची. शुद्ध पाण्यातून वीज जात नाही, दिवा लागत नाही. पाण्यात क्षार असले तर लागतो. जितके क्षार जास्त तितका उजेड जास्त. मी ते सामान पर्समधून काढलं, ओटीवर तीन पेले मांडले. एकात सील तोडून कॅनमधलं पाणी, दुसऱ्यात आमच्या स्वयंपाकघरातलं नळाचं पाणी, तिसऱ्यात त्यांच्या तांब्यातलं. मला माहीत होतं काय होणार. पहिल्यात काही नाही, दुसऱ्या-तिसऱ्यात अंधुक. तो अंधुक उजेड दाखवायचा आणि म्हणायचं, बघा, हे एवढं सुद्धा बॅटरीला चालत नाही. एवढाच माझा मुद्दा होता.

पहिल्या पेल्यात दिवा लागला नाही. सासरे पुढे वाकले. नळाच्या पाण्यात मिणमिणला, डोळे बारीक करून बघावा इतका. मग मी वायरी तिसऱ्या पेल्यात घातल्या आणि दिवा लख्ख पेटला. वर्गात मी चमचाभर मीठ ढवळल्यावर पेटतो ना, तसा.

मला वाटलं पेला उष्टा असेल, चुकून मिठाचा असेल. तो विसळला, पुन्हा भरला. दिवा पुन्हा तसाच.

"मीठ टाकलंस," सासरे म्हणाले.

"नाही बाबा."

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. माझी शिकवण्याची, जिंकण्याची सगळी खुमखुमी कुठल्या कुठे गेली होती. मी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि प्यायले. घरात नळ आल्यापासून आणि फिल्टर बसवल्यापासून आम्ही कोणीच विहिरीचं पाणी पीत नव्हतो. सासरे तेवढे आपला तांब्या भरून आणवत. पाणी मचूळ होतं. जिभेच्या मागे खारटपणा राहात होता. मला माझ्या वडिलांची दुसरी ओंजळ आठवली, आणि मी तोंडातलं पाणी थुंकूही शकले नाही, कारण सासरे बघत होते.

त्यांनी तांब्या माझ्या हातातून घेतला, तोंडाला लावला आणि सगळा प्यायला. मग तोंड पुसून म्हणाले, "गोड हाय." आणि आत जाऊन आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी मी फुलं तोडणाऱ्या बाईला विचारलं. ती कित्येक दिवस घरून पाण्याची बाटली आणते. मला वाटायचं, आजकाल सगळेच आणतात. तिने आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाली, "खारं हाय ना ते पानी. आता दुसरा उन्हाला. पन त्यांना कोन सांगनार?"

खरंच कोण सांगणार? या गावात एखाद्याला तुझी विहीर खारी झाली असं तोंडावर सांगणं म्हणजे तुझ्या घराचा वंश बुडाला असं सांगण्यासारखं आहे. कोणी सांगत नाही. सोयरे आले तर त्यांना विहिरीवर न नेता सरळ चहा देतात आणि ज्याने त्याने समजून घ्यायचं. आमच्याकडे गेल्या मे महिन्यात पाहुणे आले तेव्हा नवऱ्याने त्यांना गार बाटल्या आणून दिल्या होत्या. मी त्याला विचारलं, तुला माहीत होतं? तो टीव्हीकडे बघत म्हणाला, संशय होता. त्याला संशय होता, बाईला खात्री होती, शेजाऱ्यांना चव माहीत होती. मी पदवीधर विज्ञानाची बाई, मला केळीच्या पानांच्या कडा करपलेल्या रोज दिसत होत्या आणि मी त्यावर कीडनाशक मारायला सांगत होते. पाटाच्या मातीवर पांढरं पीठ फुललेलं दिसायचं, ते मला खत वाटायचं.

आजूबाजूच्या वाड्या गेल्या, तिथे इमारती आल्या. इमारतींना पाणी हवं, म्हणून राहिलेल्या विहिरींतून रात्रंदिवस टँकर भरले जातात. जमिनीखालचं गोडं पाणी उपसून घेतलं की समुद्र हळूच आत सरकतो. हे मी मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवते. माणदेशातल्या टँकरपासून पळून मी इथे आले, आणि टँकरने मला इथेही गाठलं. कोणावर ओरडायचं तेच कळत नव्हतं. बग्गीवर ओरडून झालं होतं, सासऱ्यांवर ओरडून झालं होतं. समुद्रावर ओरडून काय उपयोग?

चार दिवसांनी सासऱ्यांनी मुलाला सांगितलं, बॅटऱ्या आण. आणि तिचं पाणीही आण, दुकानातलं. इतकंच. नव्या बॅटऱ्या बसल्या, मी वायरी स्वतः आवळल्या. बग्गी पाटाचा चढ अशी चढली, की सासऱ्यांची टोपी मागे पडली. फेरी सुरू झाली. दिराचा फोन आला तेव्हा सासऱ्यांनी त्याला स्वतःच सांगितलं, फेरी चालू आहे.

मी मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. तसं काही झालं नव्हतं, विहीर होती तशीच होती. पण निदान हाका बंद झाल्या. पोळ्या करपायच्या थांबल्या.

मग एका सकाळी मी बॅटरीचं पाणी बघायला फळीवरचा कॅन काढला तर तो रिकामा. नवा कॅन होता, बॅटऱ्यांना सहा महिने पुरला असता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुन्हा रोज काठोकाठ भरायला लागले की काय? मी सीट उचलून एकेक टोपण काढून बघितलं. पाणी जिथे असायला हवं तिथेच होतं, ना कमी ना जास्त. नवऱ्याला विचारलं, त्याला काही माहीत नव्हतं. त्याला काय माहीत असतं? मी दुसरा कॅन आणून ठेवला आणि बाहेरून पाण्याच्या पातळीला पेनने खूण केली. दोन दिवसांत पाणी खुणेच्या बरंच खाली गेलं.

तिसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सासरे फेरीला निघाले तशी मीही मागून निघाले, काय बोलायचं ते मनात घोकत. म्हटलं, आज सोडायचं नाही. हे पाणी विकत येतं, बाबा. ते दुकानातून मी उचलून आणते, तुमचा मुलगा नाही. बग्गी केळींतून गेली, जास्वंदीपाशी न थांबता विहिरीकडे वळली. मोगऱ्याशी थांबली.

मोगऱ्याची पानं पिवळी पडली होती, कडा तपकिरी. त्या उन्हाळ्यात त्याला कळी आलीच नव्हती. सासूबाईंच्या फोटोपुढे ते रोज जास्वंद ठेवत होते आणि मला ते दिसूनही दिसलं नव्हतं. सासरे काठी टेकून उतरले, बग्गीत पायाशी ठेवलेला कॅन दोन्ही हातांनी उचलला. तांब्या तिथेच होता. कॅनमधलं पाणी तांब्यात, तांब्यातलं मोगऱ्याच्या मुळाशी, हळूहळू, एक थेंब बाहेर जाऊ न देता. तोंडाने तेच पुटपुटणं.

मला त्यांनी बघितलं. चोरी पकडल्यासारखे जरा थबकले.

घोकलेलं सगळं मी विसरले. तरी शिक्षिकेची खोड जात नाही. मी म्हटलं, "बाबा, यावर झाड वाढत नाही. या पाण्यात काहीच नसतं."

ते तांब्या हातात धरून उभे राहिले. विहिरीकडे त्यांनी बघितलं नाही.

"नसू दे," म्हणाले. "मला काय नसलेलंच पानी पायजे."

कॅन त्यांना जड होत होता. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि तांब्या भरून दिला.